गॅरेजमध्ये नेली की सुरू होणारी गाडी: स्टार्टिंगचा लपंडाव पकडायचा कसा

पंधरा-वीस वर्षं जुनी मारुती ८००, झेन किंवा सँट्रो घरात असेल तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा असणार. आठवडाभर गाडी अर्ध्या सेल्फमध्ये (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) सुरू होते. मग एके दिवशी बाजारातून पिशव्या घेऊन येता, चावी फिरवता, आणि नुसतं 'टक'. पुन्हा 'टक'. तिसऱ्या वेळी काही झालंच नसल्यासारखी सुरू. मेकॅनिककडे नेली तर तिथे दहा वेळा सेल्फ मारा, दहाही वेळा सुरू होते. मग तो म्हणतो, "बॅटरी बदलून बघू." बॅटरी बदलली की महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ते दोन महिने बरे का जातात? बॅटरी बदलताना क्लॅम्प (बॅटरीच्या टोकांवर केबल पकडणारे पट्टे) काढले गेले, घासले गेले आणि पुन्हा घट्ट बसले. शिवाय नव्या बॅटरीत ताकद जास्त, त्यामुळे वायरीतली थोडी गळती ती खपवून घेते. म्हणजे पैसे बॅटरीचे गेले आणि काम केलं ते पॉलिशपेपरने. असल्या दोषात सुटे भाग बदलत बसणं हा सगळ्यात महाग रस्ता आहे. दोष हजर असेल तेव्हाच मोजता येतो, म्हणून तयारी करायची ती त्या दोन मिनिटांची.

आधी नोंद, मग पाना

डॅशबोर्डच्या खणात एक छोटी वही ठेवा. गाडी अडली की तिथल्या तिथे लिहा: इंजिन रात्रभर थंड होतं की बंद करून दहा-वीस मिनिटं झाली होती, पाऊस किंवा धुलाई झाली होती का, टाकीत पेट्रोल किती होतं, सीएनजी असेल तर गाडी कशावर बंद केली होती, आणि सुरू झाली ती नेमकं काय केल्यावर. बॉनेट आपटल्यावर? गिअर हलवल्यावर? नुसतं थांबल्यावर? चार-पाच नोंदी झाल्या की त्यातून काहीतरी सूत्र दिसायला लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज लिहा. "स्टार्ट होत नाही" या तीन शब्दांत चार वेगळे आजार बसतात. चावी फिरवल्यावर काहीच होत नाही किंवा टक वाजतं, हा एक. सेल्फ फिरतो पण रडत-रडत, हा दुसरा. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही, हा तिसरा. पकडतं आणि लगेच बंद पडतं, हा चौथा. पहिल्या दोघांचा पेट्रोलशी काही संबंध नाही आणि तिसऱ्याचा सेल्फशी नाही. एवढी विभागणी केली तरी निम्मं काम झालं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला तर मेकॅनिकशी वाद घालायची वेळच येत नाही.

बिनपैशाची परीक्षा: हेडलाइट

गाडी अडली की हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर उत्तम, दिवसा आतला दिवा चालेल. आता चावी फिरवून दिव्याकडे बघा.

दिवा पूर्ण विझला, तर करंटच्या वाटेत कुठेतरी जोड सुटत आलाय. पहिला संशय बॅटरीच्या क्लॅम्पवर. दिवा मंद झाला आणि टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा क्लॅम्प खराब आहे. दिवा चांगलाच मंद झाला पण सेल्फ जागचा हलला नाही, तर सेल्फ अडकलाय किंवा आतून शॉर्ट आहे. आणि दिवा तसाच लख्ख राहिला, तर बॅटरी निर्दोष समजा. मग एक तर चावीकडून सेल्फपर्यंत हुकूम पोचत नाही, नाही तर पोचूनही सेल्फ आतून जागा होत नाही.

बॅटरी आणि तिचे क्लॅम्प

पुढच्या कामाला एक साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. काही शे रुपयांचा पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आली असेल तर ती आधी चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे फसवे येतील. गाडी नुकतीच चालवली असेल तर मोजण्याआधी दोन मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, वरवरचा चार्ज निघून जातो. मग सेल्फ मारताना बघा: ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुकानात लोड टेस्टला न्या. सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) ठीक आहे.

आता क्लॅम्प. मारुती, ऑल्टोसारख्या छोट्या गाड्यांना बारीक टर्मिनलची बॅटरी लागते. कोणीतरी मध्येच जाड टर्मिनलचे क्लॅम्प लावतो आणि ढिले पडतात म्हणून फटीत पत्र्याची पट्टी किंवा खिळा ठोकून देतो. असा 'जुगाड' दिसला तर पुढे शोधायची घाई नको, आधी योग्य मापाचे क्लॅम्प टाका. क्लॅम्प हाताने पिळून बघा. जरासाही फिरला तर तोच गुन्हेगार असू शकतो. काढताना आधी मायनस आणि लावताना मायनस शेवटी, दहा नंबरचा पाना बहुतेक ठिकाणी चालतो. पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात सोडा घालून धुवा, बॅटरीच्या आत पाणी जाऊ देऊ नका. शिशाचं टर्मिनल आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा, घट्ट करा, आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी लावू नका.

क्लॅम्पच्या मुळाशी केबलचं रबर बोटांनी दाबा. निरोगी केबल वळते. आतून सडलेली केबल तिथे कडक लागते आणि वाकवली की आत वाळू असल्यासारखी करकरते. रबर अर्धा इंच सोललं तर तांब्याच्या जागी काळी-हिरवी भुकटी निघते. बाहेरून केबल नवी दिसते, म्हणून ही जागा वर्षानुवर्षं सुटते. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हे जास्त.

व्होल्ट कुठे गळतो ते शोधा

मी म्हणेन की या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. नुसत्या डोळ्यांनी जोड चांगला आहे की वाईट हे कळत नाही आणि मीटरवर ओहम मोजूनही कळत नाही. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा शंभर अँपिअरच्या आसपास खेचतो. जोडात फक्त ०.०१ ओहम अडथळा असला तरी शंभर अँपिअरला तिथे पूर्ण १ व्होल्ट हरवतो, आणि इतका बारीक ओहम साधा मीटर दाखवूच शकत नाही. म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजायचे.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. कार्बोरेटरच्या (इंजेक्टर नसलेल्या, जुन्या) गाडीत इग्निशन कॉइलकडे (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी) येणारी बारीक वायर काढून ठेवा. एक माणूस चावीवर. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट थांबा.

पहिलं माप: मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लस टर्मिनलच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही. काळी पिन सेल्फच्या त्या जाड बोल्टवर जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लसच्या वाटेत दोष. मग काळी पिन क्लॅम्पवर आणून पुन्हा मारा. इथे आकडा जवळजवळ शून्य हवा. शून्य नसेल तर क्लॅम्प, असेल तर केबल.

दुसरं माप: लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, काळी बॅटरीच्या मायनसच्या शिशावर. ०.२-०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. तसंच इंजिन आणि बॉडी यांच्यामध्येही मोजा. जुन्या गाडीत ही अर्थची पट्टी कधी गिअरबॉक्सच्या कामात काढली जाते आणि परत लावायची राहते, कधी रंगावर किंवा गंजावर बोल्ट मारलेला असतो. अर्थ नसला की करंट भलत्याच वाटेने परततो. ज्या गाडीत क्लच आणि ॲक्सिलरेटर केबलचे आहेत, तिथे सेल्फ मारल्यावर त्या केबल गरम लागल्या किंवा त्यांचं आवरण वितळलेलं दिसलं, तर बाकी काही तपासायची गरज नाही. गिअरबॉक्सच्या बोल्टपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड नवी केबल टाका.

डॅशबोर्डवरचा छोटा बल्ब

वरची मापं सगळी बरोबर येतात आणि तरी गाडी महिन्यातून दोनदा अडते, तेव्हा मीटर घेऊन त्या क्षणाची वाट बघता येत नाही. त्यासाठी ही युक्ती.

सेल्फवर दोन जोड असतात: जाड बोल्ट, आणि सोलेनॉइडला (सेल्फवरचा विजेचा ओढा, जो आतला जाड संपर्क जोडतो) चावीकडून येणारी एक बारीक वायर. या बारीक वायरला २ अँपिअरचा फ्यूज घालून एक वायर जोडा, ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून आत आणा, डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा आणि बल्बचं दुसरं टोक बॉडीला. वायर सायलेन्सरच्या गरम पाइपपासून दूर बांधा. आता रोज चावी फिरवली की बल्ब क्षणभर पेटेल आणि गाडी सुरू होईल. अडली त्या दिवशी फक्त बल्बकडे बघा.

बल्ब पेटला नाही, तर हुकूमच सुटलेला नाही. इग्निशन स्विचच्या आतले संपर्क झिजलेत, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटतोय, कनेक्टर ढिला आहे, किंवा चोरीविरोधी अलार्म वाट अडवतोय. बाहेरून बसवलेले जुने सिक्युरिटी अलार्म यात फार बदनाम आहेत. त्यातला रिले बऱ्याचदा सेल्फची वायर कापूनच मध्ये घातलेला असतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर पी (पार्क) वरून एन (न्यूट्रल) वर नेऊन बघा. एन वर सुरू झाली तर दोष लिव्हरच्या स्विचचा.

बल्ब लख्ख पेटला आणि दणदणीत 'टक' ऐकू आलं पण सेल्फ फिरला नाही, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळालेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. अशा वेळी सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकेच टिपलं की फिरतो. हा उपाय नव्हे, निदान आहे. टिपल्यावर सुरू झाली की सेल्फ खोलायची वेळ झाली असं समजा.

बल्ब पेटला पण मिणमिणता आणि हेडलाइट मात्र लख्ख, असं झालं तर तो जुन्या गाड्यांचा खास आजार: गरम असताना अडते, थंड झाली की सुरू. तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सायलेन्सरशेजारचा सोलेनॉइड ६० अंशाने तापला की त्याच्या गुंडाळीचा अडथळा जवळजवळ पाव पटीने वाढलेला असतो, म्हणजे ओढायची ताकद कमी. त्यात जुन्या इग्निशन स्विचमध्ये दोन-तीन व्होल्ट हरवले तर तो अर्धवटच ओढला जातो. सेल्फ मारताना बारीक वायरवरचे व्होल्ट आणि त्याच क्षणी बॅटरीवरचे व्होल्ट यांत एकापेक्षा जास्त अंतर असेल तर सेल्फ बदलू नका. एक रिले लावा: चावीची वायर फक्त रिले ओढेल, आणि सोलेनॉइडला करंट थेट बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाईल. चांगला वायरमन हे तासाभरात करतो.

काही जण स्क्रू-ड्रायव्हरने जाड बोल्ट आणि बारीक टोक शॉर्ट करून सेल्फ फिरवतात. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली तर ती अंगावर येते. बल्ब हेच सांगतो, तेव्हा ते करूच नका.

फक्त सकाळी, तेही कधी कधी

दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच बॅटरी उतरत असेल तर काहीतरी चोरून करंट पितंय. सगळं बंद, दारं लावलेली, मायनस क्लॅम्प काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा आणि अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. ३०० दिसलं तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढत जा. ज्याला आकडा पडला त्या लाइनवर दोष. म्युझिक सिस्टिम, सेंट्रल लॉक, डिकीचा दिवा हे नेहमीचे. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा, आतला डायोड गेलेला असू शकतो. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका, त्याचा फ्यूज जाईल.

सेल्फ मस्त, पण इंजिन पकडत नाही

आता प्रश्न एवढाच: करंट येत नाही की पेट्रोल?

एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत चावी फक्त ऑन करा आणि कान द्या. मागच्या सीटखालून, टाकीतून दोनेक सेकंद बारीक घुंईऽ असा आवाज यायला हवा. रस्त्यावर ऐकू येत नसेल तर पेट्रोलचं झाकण उघडून ऐका. आवाज नाही, आणि टाकीला खालून तळहाताने थोपटल्यावर आला, तर पंपाचे ब्रश संपलेत. अजिबात नाही तर आधी फ्यूज, मग रिले. शेजारीच त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. पंप वाजतो पण सकाळच्या पहिल्या सेल्फला फार वेळ लागतो? चावी ऑन-ऑफ तीन वेळा करून मग मारा. लगेच पकडलं तर रात्रीत लाइनमधला दाब उतरतोय. दोष पंपाच्या व्हॉल्व्हचा, प्रेशर रेग्युलेटरचा किंवा गळक्या इंजेक्टरचा.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सिक्वेन्शियल किटची गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) तापला की गॅसवर जाते. त्यामुळे पेट्रोलच्या बाजूचा कुठलाही आजार फक्त सुरू करतानाच दिसतो. नंतर गॅस तो झाकून टाकतो. वर बरेच जण टाकीत जेमतेम रिझर्व्हपुरतं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवतात. पंपाला थंड ठेवायचं काम तेच पेट्रोल करतं. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा शोषतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. तेव्हा टाकीत पाव भाग तरी ताजं पेट्रोल घाला, स्विच पेट्रोलवर टाका आणि वीस-पंचवीस मिनिटं चालवा. चढावर गुदमरली किंवा मिसिंग मारली तर स्टार्टिंगचं मूळ तिथेच आहे.

कार्बोरेटरच्या गाडीत मे महिन्यात, बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नाही, तेव्हा बहुतेकदा पेट्रोल जास्त झालेलं असतं. उघड्या बॉनेटपाशी वास येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पुन्हा पुन्हा दाबू नका, आणि सेल्फ मारा. असं रोज होत असेल तर फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) झिजली आहे.

करंटसाठी स्पार्क टेस्टर वापरा, किंवा जुना प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवून सेल्फ मारा. हे करताना पंपाचा फ्यूज काढलेला हवा आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळसर आणि टणक हवी. वायर हवेत लोंबकळत ठेवून ठिणगी बघायची जुनी सवय सोडा, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मोड्यूल त्यात जातो. फक्त पावसात अडणाऱ्या गाडीचं डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगीचा करंट प्लगांना वाटणाऱ्या भागाचं) कॅप उघडा: आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय. पुसून भागणार नाही, कॅप बदला. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर गळणारी ठिणगी डोळ्यांनी दिसते.

गरम झाल्यावर अचानक बंद, अर्ध्या तासाने आपोआप सुरू, आणि मधल्या वेळात ठिणगीही नाही नि इंजेक्टरही गप्प: असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या) संशय घ्या. टॅकोमीटर असेल तर सेल्फ मारताना काटा थोडा उचलला जातो का बघा. मेल्यासारखा पडून राहिला तर संशय पक्का होतो. त्या क्षणी सेन्सरवर ओलं फडकं ठेवा. दोन मिनिटांत सुरू झाली, तर बदला. सेन्सरचा कनेक्टर मात्र आधी तपासा, कारण तिथे ऑइल शिरलेलं असू शकतं.

पकडून लगेच बंद पडत असेल तर डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकतोय का बघा. लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (अनोळखी चावीला इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) चावी ओळखत नाही. दुसऱ्या चावीने प्रयत्न करा, आणि जुडग्यात दुसऱ्या गाडीची चावी असेल तर ती काढून. चावी सोडताक्षणी बंद पडत असेल तर इग्निशन स्विचचा ऑनचा संपर्क गेलाय.

डिझेलचं थोडक्यात: थंडीत त्रास असेल तर ग्लो प्लग (सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे). सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो पण हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलणारा पंप) दाबून घट्ट केल्यावर लगेच पकडते, तर लाइनमध्ये हवा शिरतेय.

मेकॅनिककडे जाताना

वही दाखवा, आवाज ऐकवा, बल्बने काय सांगितलं ते सांगा. दोष सकाळचा असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी लावून या आणि सुरू करायची तुम्ही आल्यावरच, असं बजावा. एका वेळी एकच भाग बदलू द्या. बदलल्यावर ज्या परिस्थितीत गाडी अडायची तीच परिस्थिती मुद्दाम आणा: गरम करून वीस मिनिटं उभी करा, किंवा चार दिवस हलवू नका. सेल्फ रिपेअरला दिला असेल तर जुने ब्रश आणि सोलेनॉइडचे संपर्क परत मागून घ्या. ब्रश अजून लांब आणि संपर्क गुळगुळीत निघाले तर दोष सेल्फमध्ये नव्हता, म्हणून बल्ब डॅशबोर्डवरून काढू नका, पुढच्या खेपेला तो पुन्हा लागेल.